पत्र्याच्या छपरावरून माणूस पडतो कसा? फळी, पट्टा आणि दोराचं साधं गणित

मे महिना संपत आला की पत्रेवाल्यांचे फोन वाजायचे थांबत नाहीत. गेल्या पावसात कुठे गळत होतं ते मालकाला नेमकं जूनच्या तोंडावर आठवतं. कुणाच्या गोडाऊनचा पत्रा तडकलेला असतो, कुणाच्या सोसायटीच्या गच्चीवरची शेड गळकी, कुणाच्या गोठ्यावरचे चार पत्रे वळवाच्या वादळात उडालेले. काम अर्ध्या दिवसाचं, माणसं दोन-तीन. "वर जाऊन बघून येतो, मग आकडा सांगतो," असं म्हणत कंत्राटदार शिडी लावतो, चपला खाली काढतो आणि पत्र्यावर पाय ठेवतो.

छपरावरचा अपघात म्हटलं की आपल्याला कडेवरून घसरणारा माणूस दिसतो. जुन्या शेडवर मात्र कडेइतकाच धोका पायाखाली असतो. माणूस छपराच्या मधोमध उभा असतो, कड दहा फूट लांब असते, आणि पत्रा फुटून तो सरळ खाली जातो. कडेची भीती डोळ्यांना दिसते म्हणून माणूस तिथे जपून वागतो. पायाखालचा पत्रा मात्र भक्कम वाटतो, त्यामुळे तिथे कुणी सावध नसतं.

सिमेंटचा पत्रा इशारा का देत नाही?

आपल्याकडच्या शेडवर ढोबळमानाने दोन जातींचे पत्रे असतात. एक लोखंडी, म्हणजे जीआय किंवा रंगीत प्रोफाइल पत्रा. दुसरा सिमेंटचा, ज्याला बाजारात सरसकट 'एसीचा पत्रा' म्हणतात. लोखंडी पत्रा फार गंजलेला नसेल तर वजनाखाली आधी दबतो, वाकतो, आवाज करतो. माणसाला पाय मागे घ्यायला क्षणभर मिळतो. सिमेंटचा पत्रा वाकत नाही. तो तुटतो, आणि तुटतो तेव्हा एकदम तुटतो.

हा पत्रा साधारण ६ मिलिमीटर जाडीचा असतो. खाली लोखंडी पर्लिन (काही जण पट्टी किंवा आडवा पाईप म्हणतात) सुमारे १.४ मीटरपर्यंतच्या अंतरावर असतात. म्हणजे दोन पर्लिनच्या मध्ये पाय पडला तर तुमच्या आणि जमिनीच्या मध्ये बोटाहून कमी जाडीचं सिमेंट उरतं. पत्र्याचं काम ऊन-पाऊस अडवणं, माणसाचं वजन पेलणं नव्हे. त्यात वीस-पंचवीस पावसाळे गेले की बोल्टच्या भोकांभोवती बारीक तडे जातात, आतून पापुद्रे सुटतात, वर शेवाळ चढतं. खालून पाहिलं तर पत्रा जसाच्या तसा दिसतो.

इथे जुन्या मिस्त्र्यांचा एक ठरलेला सल्ला असतो: "नटाच्या रांगेवरून चालायचं, खाली पर्लिन असतो, काही होत नाही." हा सल्ला अर्धा खरा आहे आणि म्हणूनच घातक आहे. नटाखाली पर्लिन असतो हे बरोबर. पण तो पर्लिन जेमतेम दोन-तीन इंच रुंद. हातात ड्रिल, खांद्यावर पत्र्याचं टोक आणि पायाखाली शेवाळ असताना तेवढ्या रेषेवरून चालणं म्हणजे डोंबाऱ्याचा खेळ. तोल गेला की माणूस आपोआप पाऊल बाजूला टाकतो, आणि ते पाऊल मधल्या पत्र्यावर पडतं. "वीस वर्षं असंच चालतोय" असं सांगणारे मिस्त्री खोटं बोलत नसतात. पण जे पडले ते हे सांगायला आलेले नाहीत, एवढं लक्षात ठेवावं.

याहून फसवा असतो उजेडासाठी बसवलेला पारदर्शक फायबरचा पत्रा. नवा असताना तो ओळखू येतो. उन्हाने पिवळा पडून त्यावर धूळ, पाला, शेवाळ बसलं की वरून तो शेजारच्या सिमेंटच्या पत्र्यासारखाच दिसतो. काही ठिकाणी गळती थांबवायला अख्ख्या छपरावर डांबर फासलेलं असतं, मग फरक अजिबात कळत नाही. उपाय बिनखर्चाचा आहे. वर जाण्याआधी शेडच्या आत उभं राहून वर बघायचं. उजेड येणारे पत्रे कुठल्या ओळीत कितवे आहेत ते कागदावर मांडायचं, आणि तो कागद वर जाणाऱ्या माणसाला दाखवायचा.

कामाचा नियम एकच ठेवावा: जोवर खात्री होत नाही तोवर प्रत्येक पत्रा फुटका समजायचा.

किती उंचीवरून पडलं तर लागतं?

"फार उंच नाहीये हो, बारा-पंधरा फूट," हे वाक्य प्रत्येक साइटवर ऐकू येतं. शाळेतल्या भौतिकशास्त्राचं गणित मांडून बघा. ३ मीटर, म्हणजे साधारण दहा फुटांवरून पडणारा माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी २७ किलोमीटरच्या आसपास असतो. ५ मीटरवरून एक सेकंद आणि ताशी ३५ किलोमीटर. भरधाव मोपेडवरून डोक्याने थेट काँक्रीटवर आपटण्यासारखं आहे हे. त्यातही शेडमध्ये खाली मोकळी जमीन क्वचितच असते. मशीन, लोखंडी रॅक, गोठ्यातली दावण, असं काहीतरी असतंच.

पाऊण सेकंदात माणूस काहीही पकडू शकत नाही. म्हणून पडायला लागल्यावर काय करायचं याला अर्थ नाही. जे करायचं ते आधी.

पहिला प्रश्न: वर जायलाच हवं का?

ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामासाठी स्वतंत्र नियम झाले. त्यांचा क्रम लहान कंत्राटदारालाही जसाच्या तसा वापरता येतो. आधी उंचीवरचं काम टाळता येतं का ते पाहा. टाळता येत नसेल तर पडणंच अशक्य होईल अशी सोय करा. तेही जमत नसेल तेव्हाच, पडल्यावर झेलणारी सोय करा. आपल्याकडे सगळे उलट्या टोकाने सुरुवात करतात: आधी पट्टा विकत आणतात आणि तिथेच थांबतात.

टाळणं म्हणजे काय? बहुतेक वेळा कंत्राटदार पहिल्यांदा वर चढतो तो फक्त मापं घ्यायला आणि गळती बघायला. हे दोन्ही खालून होतं. सिमेंटच्या प्रमाणित पत्र्याची रुंदी १.०५ मीटर असते, त्यामुळे आतून पत्रे मोजले की लांबी-रुंदीचा हिशोब निघतो. फुटलेली जागा आतून उजेडाच्या रेषेने दिसते. बाहेरची बाजू बघायला लांब काठीला मोबाइल बांधून व्हिडिओ काढता येतो. लग्नाचं शूटिंग करणारा ड्रोनवाला आता तालुक्याच्या गावातही असतो. काम अजून मिळालेलंही नाही, तेव्हा कोटेशन देण्यासाठी जीव टांगणीला लावण्याचं काहीच कारण नाही.

पत्रा बदलण्याचं कामही अनेकदा खालून करता येतं. शेडच्या आत चाकांची परांची लावायची, चाकं लॉक करायची, आणि परांचीवर उभं राहून जुना पत्रा सोडवायचा. शेडमधलं सामान हलवावं लागतं म्हणून मालक कुरकुरतो. त्याला अर्धा दिवस काम बंद ठेवायला लावणं हा कंत्राटदाराच्या कामाचाच भाग आहे. तसंही, माणूस वर काम करत असताना त्याच्या खाली मशीन चालू ठेवणं हा वेडेपणाच.

जायचंच असेल तर फळी

वर जावंच लागलं तर पत्र्यावर पाय ठेवायचा नाही, फळीवर ठेवायचा. ही फळी म्हणजे सेंट्रिंगची उरलेली एखादी पट्टी नव्हे. ती किमान तीन पर्लिनवर टेकली पाहिजे, म्हणजे सुमारे तीन मीटर लांब, आणि दोन फूट तरी रुंद. तुमचं वजन फळीतून पर्लिनवर जातं, पत्र्यावर येत नाही. फळी दोन पर्लिनच्या मध्येच संपत असेल तर ती नसल्यासारखीच. तिच्या टोकावर पाय पडला की टोक पत्रा फोडून आत जातं आणि दुसरं टोक वर उचललं जातं.

उतारावर फळी घसरू नये म्हणून ती आढ्याच्या बाजूने दोराने किंवा हुकाने बांधायची. चढत्या पाखावर आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी लागते, नाहीतर ओल्या लाकडावरून पाय निसटतो. आणि फळ्या कमीत कमी दोन हव्यात. एकीवर उभं राहून दुसरी पुढे सरकवायची. एकच फळी असेल तर पुढे जाण्यासाठी माणूस खाली उतरतो, म्हणजे पत्र्यावर. लहान कामांवर बहुतेक वेळा इथेच गाडी अडते: टेम्पोत पत्रे भरल्यावर फळ्यांना जागा उरत नाही, म्हणून एकच येते.

पन्हाळीजवळ फळीच्या बाहेरच्या बाजूला कठडा नसेल तर कडेपासून दोन मीटर आतच थांबायचं. पारदर्शक पत्र्यांवर काम सुरू होण्याआधीच प्लायवूड टाकून ते बांधून टाकायचं. नुसतं ठेवलेलं प्लायवूड वाऱ्याने सरकतं, आणि मग ते झाकण न राहता सापळा होतं.

खाली जाळी लावता आली तर उत्तम. पर्लिनच्या शक्य तितक्या जवळ, कैच्यांना घट्ट बांधलेली सुरक्षा जाळी फुटलेल्या पत्र्यातून येणाऱ्या माणसाला झेलते. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी यासाठी नसते, हे सांगावं लागतं कारण ती लावलेली पाहिली आहे.

पट्टा घातला, पण अडकवला कशाला?

कमरेला पट्टा आणि त्याचं हूक स्वतःच्याच पट्ट्यात अडकवलेलं, हे दृश्य कुठल्याही साइटवर दिसतं. हा पट्टा फक्त फोटोच्या कामाचा.

आधी पट्ट्याबद्दल. नुसता कमरेचा पट्टा पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी वापरू नये. सगळा झटका कमरेवर आणि पोटावर येतो, मणक्याला आणि आतल्या अवयवांना इजा होते, किंवा माणूस पट्ट्यातून निसटून जातो. अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून पडणं झेलण्यासाठी कमरेचा पट्टा वापरायला बंदी आहे. हवा तो मांड्या, खांदे आणि छाती धरणारा फुल बॉडी हार्नेस, ज्याची कडी पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये असते. विकत घेताना त्यावर आयएस ३५२१ हे भारतीय मानक आणि आयएसआय खूण आहे का ते बघा. शिवण उसवलेली, उन्हाने रंग उडालेला, सिमेंट लागून कडक झालेला हार्नेस टाकून द्यायचा. एकदा पडलेल्या माणसाला झेललेला हार्नेसही पुन्हा वापरायचा नाही, दिसायला कितीही चांगला असला तरी.

आता दोराचं गणित, जे फार कमी लोक मांडतात. हार्नेसच्या दोरीला झटका शोषणारी घडी, म्हणजे शॉक अ‍ॅब्झॉर्बर असतो. माणूस पडला की ती घडी उलगडते आणि झटका कमी होतो. दोरी साधारण १.८ मीटर. घडी उलगडली की आणखी मीटर ते पावणेदोन मीटर. पाठीच्या कडीपासून तळपायापर्यंत दीड मीटर. वर एक मीटर राखीव. बेरीज साडेपाच ते सहा मीटर. म्हणजे हूक पायाच्या पातळीवर अडकवलं असेल तर खाली सहा मीटर मोकळी जागा हवी. आपल्या साध्या शेडची वळचण चार-पाच मीटरवर असते. माणूस सगळे नियम पाळून, महागडा हार्नेस घालून, दोर पूर्ण ताणला जाण्याआधीच जमिनीवर आपटतो.

म्हणून कमी उंचीच्या छपरावर झेलणारा लांब दोर नको, अडवणारा आखूड दोर हवा. दोराची लांबी अशी ठेवायची की माणूस कडेपर्यंत पोचूच शकणार नाही. पण ही युक्ती कडेपुरतीच चालते. पायाखालचा पत्रा फुटला तर आखूड दोरही थोडा सैल असतोच, आणि माणूस भोकातून लटकतो. त्यासाठी फळी आणि जाळी. पट्टा फळीची जागा घेत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं, दोर बांधायचा कशाला? अमेरिकेच्या नियमात एका माणसासाठीच्या आधाराने ५,००० पौंड, म्हणजे सव्वादोन टनांहून थोडा अधिक भार पेलावा अशी अट आहे. आकडा अवाढव्य वाटतो, कारण ऐंशी किलोचा माणूस पडून एकदम थांबतो तेव्हा दोरावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ बसते. या कसोटीला पाण्याचा पाईप, पन्हाळ, जे बोल्ट, पाण्याची टाकी, डिशचा खांब, अर्ध्या विटेचा कठडा यांपैकी काहीच उतरत नाही. पर्लिनही एकटा धरू नये. काँक्रीटचा खांब किंवा कैचीचा न गंजलेला वरचा जोड चालतो, पण तो आधी जवळून, हात लावून तपासायचा. कैचीला स्लिंग आतूनच, परांचीवरून बांधावी.

दोर पत्र्याच्या कापलेल्या कडेवरून जात असेल तर तिथे जाड पाईप किंवा गोणपाटाची जाड घडी घालायची. नव्या लोखंडी पत्र्याची कड सुरीसारखी असते आणि ताणलेला दोर त्यावर कापला जातो. गाठ मारली की दोराची ताकद बरीच कमी होते, त्यामुळे शक्य तिथे तयार शिवलेली स्लिंग वापरावी. आणि आधार माणसाच्या शक्य तितका सरळ वरच्या बाजूला हवा. खूप बाजूला असेल तर पडलेला माणूस झोपाळ्यासारखा झुलून भिंतीवर आदळतो.

शिडी, वारा, तारा

शिडीचं माप सोपं: चार मीटर उंची असेल तर शिडीचा पाय भिंतीपासून एक मीटर लांब. वरचं टोक वळचणीच्या एक मीटर वर काढून बांधायचं, म्हणजे उतरताना हाताला आधार मिळतो. पन्हाळीवर शिडी टेकवायची नाही.

पत्रा म्हणजे शीड. जोराच्या वाऱ्यात दहा फुटी पत्रा धरून उभा असलेला माणूस पत्र्यासकट उडतो. ढग दाटून वळवाचा वारा सुटला की काम थांबवायचं, "एवढा एक बसवून घेऊ" म्हणायचं नाही. शेडच्या जवळून विजेच्या तारा जात असतील तर लोखंडी पत्रा वर चढवण्याआधी महावितरणला सांगून पुरवठा बंद करून घ्यायचा.

जुना सिमेंटचा पत्रा ग्राइंडरने कापू नये, हातोड्याने फोडू नये. त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, ते श्वासातून फुप्फुसात गेले की कॅन्सरसह गंभीर आजार वर्षांनंतर उमटतात. पाणी मारून, अख्खा उतरवावा.

कायदा काय म्हणतो?

बांधकाम कामगारांचा १९९६ चा केंद्रीय कायदा १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सुरक्षाविषयक श्रमसंहितेतही आस्थापनेसाठी सर्वसाधारणपणे १० चाच आकडा आहे. तीन माणसांचा पत्रेवाला या जाळ्यातून सुटतो, असं त्याला वाटतं. पण पूर्ण सुटत नाही. कारखान्याच्या छपरावर काम असेल तर उंचीवरच्या माणसाच्या सुरक्षेची जबाबदारी कारखान्यावरही येते. आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि तिथे कामगार किती होते हा प्रश्न येत नाही.

भरपाईचा आकडा मांडला की बहुतेक कंत्राटदार गप्प होतात. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या सूत्रानुसार मृत्यू झाल्यास मासिक पगाराच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. हिशोबासाठी पगाराची मर्यादा २०२० मध्ये १५,००० रुपये झाली. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. म्हणजे साडेसात हजार गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. चार पत्रे बदलण्याच्या कामात मिळणाऱ्या नफ्याशी याची तुलना ज्याची त्याने करावी. या जबाबदारीसाठी विमा मिळतो, एजंटाकडे 'वर्कमेन कॉम्पेन्सेशन पॉलिसी' म्हणून मागा, आणि माणसांची संख्या खरी लिहा. काम देणाऱ्या सोसायटीनेही पहिला पत्रा चढण्याआधी ही पॉलिसी आणि तिची तारीख बघून घ्यावी.

१८ ते ६० वयाच्या, वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ९० दिवसांचा दाखला नियोक्ता म्हणून कंत्राटदार देऊ शकतो. अनेक जण तो देताना टाळाटाळ करतात.

कुणी लटकला किंवा पडला तर

हार्नेसमध्ये लटकलेला माणूस वाचला असं समजून निवांत राहू नका. मांड्यांवरचे पट्टे आवळून रक्त पायांत साठतं आणि काही मिनिटांतच तो बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून त्याच्यापर्यंत पोचेल एवढी शिडी किंवा परांची साइटवर आधीपासून हवी. एकट्या माणसाला वर कधी पाठवायचं नाही ते याच कारणासाठी. तो शुद्धीवर असेल तर त्याला पाय हलवत राहायला, काही मिळालं तर त्यावर पाय टेकवायला सांगा.

जमिनीवर पडलेल्या माणसाला उठवून बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही, रिक्षात दुमडून घालायचं नाही. मान आणि पाठ हलली तर मणक्याची इजा वाढते. तो जिथे पडला तिथेच, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवा. आग किंवा वरून पडणाऱ्या पत्र्याचा धोका असेल तरच हलवा. श्वास थांबला असेल तर मात्र मानेचा विचार न करता छातीवर दाब देणं सुरू करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. १०८ वर फोन करून पडल्याची उंची आणि माणूस शुद्धीवर आहे का ते सांगा. एमआयडीसीतल्या शेडचा पत्ता रुग्णवाहिकेला सापडायला वेळ लागतो, म्हणून एका माणसाला लगेच मुख्य रस्त्यावर उभं करा.